अंगण वाकडे

फाल्गुन उतरणीला लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून एका विशिष्ट जातीचा मजकूर दरसाल उगवतो. कमी खर्चात दारासमोरचा भाग वसंतासाठी कसा सजवावा, हा त्याचा विषय. दिव्यांच्या माळा, दाराला अडकवायचे पानाफुलांचे कडे, 'वेलकम' लिहिलेले पायपुसणे, वेताची वाटावी अशी प्लॅस्टिकची खुर्ची, पिटुनियाच्या चार कुंड्या, आणि शेवटी एकूण खर्चाचा आकडा. हा मजकूर आम्ही नेमाने वाचतो. आम्ही चौघेही मराठी शिकवतो. मराठी सध्या कशाकशाचे भाषांतर करण्यात गुंतली आहे हे पाहणे आमच्या व्यवसायाचा भाग आहे.

याच सुमारास दुसऱ्या जातीचाही मजकूर उगवतो, आणि तो आपल्या घरचा आहे. अंगण हरवले, शेणसड्याचा ओला वास हरवला, आजीच्या बोटांतून झरणारी रांगोळी हरवली, फ्लॅटच्या दाराला प्लॅस्टिकचे तोरण आणि उंबऱ्यावर चिकटरांगोळी आली, संस्कृतीचा ऱ्हास झाला. हा ललित लेख पाडव्याच्या अंकात येतो, मासिकात येतो, आकाशवाणीवर वाचला जातो आणि कालांतराने आठवीच्या पाठ्यपुस्तकात शोभेल असा होतो. तो पहिल्या मजकुराला बाजारू म्हणून नाके मुरडतो. आमचा वाद दोघांशीही आहे; पण अधिक दुसऱ्याशी, कारण तो आमच्याच आळीत राहतो, आमच्याच चर्चासत्रांत बीजभाषण करतो. या दोघांच्याही हिशेबात एकच रक्कम गाळलेली असते. ती कोणाच्या अंगावर पडते, हे मात्र दोघांनाही पक्के ठाऊक असते.

आधी बाजाराचे उरकून घेऊ. कोल्हापूरच्या बंगल्यांच्या वसाहतींत 'पोर्च' या शब्दाचा अर्थ मोटार उभी करण्याची छपरी जागा एवढाच आहे. 'पोर्चमध्ये बसू' असे येथे कोणी म्हणत नाही; 'गाडी पोर्चमध्ये लाव' असे म्हणतात. तेव्हा पोर्च सजवा म्हणजे नेमके काय सजवा? भाषांतर करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलेला दिसत नाही. वसंताचेही तसेच. ज्या मुलखातून हा मजकूर येतो तेथे वसंत म्हणजे दहिवर आणि बर्फ संपून फुले लावण्याजोगी हवा होणे. आपल्याकडे पिटुनिया, पॅन्सी ही थंडीतली हंगामी फुले. पावसाळा सरताना त्यांची रोपे करायची, थंडीत ती बहरायची आणि चैत्राच्या उन्हात माना टाकायची, हा त्यांचा येथला क्रम. म्हणजे पाडव्याच्या तोंडावर रोपवाटिकेतून आणलेल्या त्या चार कुंड्या शेवटचा बहर घेऊन घरी येतात आणि आंबे बाजारात येईतो संपतात. ज्या खर्चाला 'कमी' म्हटले तो तीन आठवड्यांचा खर्च असतो. याउलट पेठेतल्या गल्लीत तेलाच्या डब्यात तुळस, रंगाच्या रिकाम्या बादलीत मोगरा, फुटक्या माठाच्या बुडात चिनी गुलाब आणि कोणी न लावताही भिंतीच्या फटीतून आलेली सदाफुली हे सगळे उन्हाला पुरून उरते. चिनी गुलाबाची तर काडी शेजारणीकडून मागून आणायची आणि खोचायची. यासाठी कोणाला पुरवणीतला लेख वाचावा लागलेला नाही.

बाजाराचे एवढे पुरे. तो नफ्यासाठी लिहितो आणि तसे लपवीतही नाही.

साहित्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हरवलेल्या अंगणाच्या लेखाला मराठीत प्रतिष्ठा आहे, आणि त्याचे एक कारण असे की तो एका मोठ्या पुस्तकाच्या सावलीत बसून लिहिला जातो. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. ते चैत्रापासून सुरू होते. त्यात झाड पाहणारी बाई झाडच पाहते : पालवीचा रंग कोणता, तो किती दिवसांनी बदलतो, फूल कोठून फुटते. नंतरच्या अनुकरणकारांनी तिचा चैत्र घेतला आणि डोळे तेवढे तेथेच ठेवले. त्यांना पालवी दिसत नाही, स्वतःचे बालपण दिसते. त्या बालपणात दारापुढे जी सारवलेली भुई आहे ती कोणी सारवली, हे त्यांच्या वाक्यरचनेतून कळत नाही. 'अंगण सारवलेले असे', 'सडा पडलेला असे', 'रांगोळी रेखलेली असे'. मराठीच्या कर्मणी प्रयोगाचा इतका सोयीचा उपयोग दुसऱ्या कोणत्याही गद्यप्रकारात होत नसेल. व्याकरण शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना याच वाक्यांतला कर्ता शोधायला सांगतो. मुली दोन सेकंदांत शोधतात.

आणि हे अंगण तरी कोणाचे? ललित लेखातले अंगण एकाच प्रकारच्या घराचे असते : मधोमध वृंदावन, कडेला प्राजक्त, पलीकडे गोठा. कोल्हापूरच्या पेठांतून फिरून पाहावे. मंगळवार पेठ घ्या, शिवाजी पेठ घ्या. रस्ता, गटार, गटारावर शहाबादी फरशी, दोन पायऱ्या, एका अंगाला बसायचा कट्टा, मग उंबरा आणि आत सोपा. दारापुढची म्हणून जी जागा ती हातभर, फार तर दोन हात, आणि तीही कायद्याने महापालिकेची. अंगण हरवले म्हणून येथे कोणी रडत नाही, कारण येथे ते नव्हतेच. जे होते आणि आहे ते 'दार' आहे. 'दारात बसलोय', 'दारात पाणी मारले', 'दारात रांगोळी घातली' असेच येथे बोलतात. आणि गावकुसाबाहेरचे दार तर त्या लेखात कधी येतच नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६च्या पुस्तकात महारवाड्यातल्या बायकांनी घरे झाडणे-सारवणे येते, पण ते करणाऱ्या हातांसकट आणि त्या हातांच्या थकव्यासकट येते. त्या पुस्तकातून वास काढून घेऊन त्याचा ललित लेख करता येत नाही. बहुधा म्हणूनच कोणी केलेला नाही.

आता प्रत्यक्ष काम. ते एकदा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ज्यांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली त्यांतल्या फार थोड्यांनी ते केले आहे.

पहाटे, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्याआधी, खराट्याने दार झाडायचे. खराटा झाडायला कमरेत वाकावे लागते; लांब दांड्याचा झाडू अलीकडचा. मग सडा. जमीन मातीची असेल तर शेणकाल्याचा. शेण आदल्या दिवशी गोळा केलेले असते, आणि ते आपोआप गोळा होत नाही. मातीची भुई आठवड्या-पंधरवड्याने सारवावी लागते : पोतेरे भिजवून, हात अर्धवर्तुळात फिरवत, मागे मागे सरकत, म्हणजे सारवलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. सण असला की गेरू आणि चुना. भुई ओलसर असतानाच रांगोळी घालायची, कारण ओलीवर शिरगोळ्याची पूड धरते आणि कोरडीवर उडते. चिमटीत पूड किती घ्यायची, अंगठा आणि तर्जनी यांतून ती कोणत्या वेगाने सोडायची, हे हाताला कळायला वर्षे जातात. ठिपके आधी, रेघा नंतर. ठिपक्यांचे अंतर नजरेने. एकदा सोडलेली रेघ खोडता येत नाही, फक्त फुंकता येते, आणि फुंकल्याचा डाग राहतो. शेवटी उंबऱ्यावर दोन बोटे हळद-कुंकू. मग चूल.

चैत्रात याला आणखी एक जोड असे, काही घरांतून आजही असते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर, दारात चैत्रांगण काढले जाते. वसंतासाठी दार सजवण्याचा हा मराठी प्रकार. जे कोणी आपल्याकडे असे काही नव्हते म्हणून परदेशी कडे दाराला टांगतात त्यांनी तो पाहावा. एका चौकटीत सगळे जग बसवलेले असते : वर सूर्य आणि चंद्र, झोपाळ्यावर गौर, तुळशीवृंदावन, शंख-चक्र-गदा-पद्म, गोपद्मे, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, आणि त्यांच्याच बरोबरीने फणी, आरसा, हळदीकुंकवाचा करंडा. देवाची गदा आणि बाईची फणी एकाच मापाने काढणारी दुसरी चित्रपरंपरा आम्हांला तरी ठाऊक नाही. याची मांडणी घराघरातून बदलते. सासरी गेलेली मुलगी माहेरचे एखादे चिन्ह गुपचूप घुसवते. शास्त्र म्हणून ते लिहून ठेवलेले नाही. हातातून हातात आले. दुपारपर्यंत पायांनी, चाकांनी, वाऱ्याने ते पुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले जाते. याच महिन्यात हळदीकुंकू, भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हे. अर्थात हे मुख्यतः ब्राह्मण आणि काही पांढरपेशा घरांतले. बाकीच्या पेठेत चैत्र म्हणजे गुढी, कडुनिंब, साखरेची गाठी, आंब्याचा डहाळा आणि दारात मोठी ठिपक्यांची रांगोळी. दोन्हींचा पैशातला खर्च जवळपास सारखा, म्हणजे नगण्य : रांगोळीची पुडी, थोडा गेरू, आंब्याची पाने सुतळीत ओवून मध्ये झेंडू. पुरवणीतला लेख ज्या 'बजेट'ची बढाई मारतो त्याच्या दहाव्या हिश्श्यातही हे बसते.

येथेच तो ललित लेखक टाळी मागतो. पाहा, म्हणतो, आपल्या परंपरेत सौंदर्याला पैसा लागत नव्हता!

लागत नव्हता, कारण मजुरी दिली जात नव्हती. झाडणे, सडा आणि रांगोळी मिळून रोज अर्धा तास धरा. सारवण आणि सणवार सोडून द्या. वर्षाचे १८२ तास होतात. लग्नानंतरची चाळीस वर्षे धरली तर ७,३०० तास. आठ तासांचा दिवस मानला तर ९१२ दिवस, म्हणजे सुट्ट्या वजा जाता पुरी तीन वर्षांची नोकरी, बिनपगारी, केवळ दारापुढच्या दोन हात जागेसाठी. (आम्हां चौघांत दोन बाया आहेत. अर्ध्या तासाचा आकडा त्यांनी तपासला आणि 'कमी धरलात' असा शेरा दिला. आम्ही तो तसाच ठेवला आहे; वाद घालणाऱ्याने आपली बाजू थोडी पडती धरावी.)

एखाद्या गायकाने याच्या निम्मे तास तंबोऱ्यापुढे घालवले तर त्याला आपण साधना म्हणतो, त्याच्या नावामागे पंडित लावतो, त्याच्यावर गौरवग्रंथ काढतो आणि त्यात आमच्यासारख्यांचे लेख मागवतो. चिमटीवर तेवढाच ताबा मिळवलेल्या बाईला काय म्हणतात? 'तिची रांगोळी छान असते' म्हणतात. मराठी समीक्षेला शंभराहून अधिक वर्षे झाली. सौंदर्यशास्त्रावर तिने वादांचे डोंगर रचले. लय म्हणजे काय यावर आम्ही अजून प्रश्नपत्रिका काढतो. आमच्या कोणत्याही अभ्यासपत्रिकेत या रेघेच्या लयीला अर्ध्या गुणाची जागा नाही. अंगण हा शब्द मात्र आम्हांला फार प्रिय. सरकारलाही तो प्रिय आहे. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे गोड नाव मिळाले. तेथे राबणाऱ्या बायांना आजही वेतन मिळत नाही, मानधन मिळते. अंगण म्हटले की बाईच्या कामाला पगार द्यायचा नसतो, ही समजूत शासकीय कागदावरदेखील शाबूत आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिक आहे. बायकांना यात आनंद मिळत होता, तुम्ही त्याला वेठबिगारी ठरवून तो आनंद हिरावता, असे म्हणतात. आनंद होताच. शेजारणीच्या दारातली रांगोळी पाहून रात्री वहीत ठिपके जुळवून पाहणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. काहींना दिवसभरात स्वतःचे म्हणून तेवढेच मिळत असे. पण आनंद मिळतो म्हणून काम फुकट ठरत नाही. आम्हांलाही शिकवण्यात आनंद मिळतो, तरी पगार एक तारखेला न झाल्यास प्राध्यापक संघटना काय करते हे सर्वांस ठाऊक आहे. आणि ज्या दिवशी तो आनंद वाटत नाही, अंगात ताप असतो, त्या दिवशीही सडा चुकत नव्हता; चुकला तर 'अजून दार पारोसे?' असे रस्त्याने जाणारा विचारत होता. आवडीच्या कामाला असा पहारा नसतो.

मग जात्याकडे पाहा. गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक गोळा केल्या. ते काम डोंगराएवढे आहे आणि मराठीने त्यांचे ऋणी असावे. जाते घरातून गेले, गिरणी आली. ओवी गेल्याची हळहळ आपण व्यक्त केली, पण बायकांनी पुन्हा पहाटे तीनला उठून दळावे असा लेख कोणीही शुद्धीवरचा माणूस लिहीत नाही. ओवी ठेवली, जाते जाऊ दिले. मग अंगणाच्याच बाबतीत हट्ट का? आमचा तर्क असा की जाते माजघरात होते आणि दार रस्त्यावर आहे. जात्याचे श्रम त्याला दिसत नव्हते, रांगोळीची शोभा मात्र कामावर जाताना दिसते. जे दिसते ते त्याला परत हवे आहे.

चिकटरांगोळी लावणाऱ्या बाईवर जो उपहास गेली वीसेक वर्षे मराठी लेखनातून चालू आहे, तो आम्हांला म्हणूनच घृणास्पद वाटतो. साडेसातची शटल किंवा आठची एस.टी. गाठणारी, दोन डबे भरणारी, फरशीच्या जिन्यापुढे रांगोळी घातली तर शेजारी 'कचरा होतो' म्हणतात ते ऐकणारी बाई जर दहा रुपयांची चिकटरांगोळी उंबऱ्यावर दाबून बसवते, तर तिने संस्कृतीचा घात केलेला नाही. तिने उंबऱ्याची आठवण ठेवली आहे, तेवढाच वेळ तिच्याजवळ होता. चिकटरांगोळी आणि हाताची रांगोळी एकच, असे आम्ही म्हणत नाही. चिकटरांगोळीत काल आणि आज यांत फरक नसतो. तिला रस्त्याशी बोलता येत नाही. चार महिन्यांनी तिच्या कडा सुटतात आणि ती प्लॅस्टिक म्हणून पंचगंगेपर्यंत जाते. पण ज्याने आयुष्यात एकदाही खराटा उचलला नाही त्याला तिची तक्रार करण्याचा अधिकार नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मराठीत बहुधा त्याच्यासाठीच राखून ठेवलेली आहे.

पुरुषांना रांगोळी जमत नाही हे तर साफ खोटे. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव असतो. त्या रात्री रथाच्या वाटेवर, महाद्वार रोडला, गुजरीत, भवानी मंडपाकडे, रांगोळीचे गालिचे पडतात. त्यात तालमी-मंडळांची पोरे गुडघ्यांवर बसून चाळणीने रंग सोडताना कोणीही पाहावीत. मोठाली वर्तुळे ती दोरी धरून अचूक काढतात. हजारो लोक पाहतात, छायाचित्रे निघतात, मंडळाचे नाव होते. तीच पोरे दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या दारातली ओली रांगोळी ओलांडून, क्वचित तुडवून, दुचाकी बाहेर काढतात. हात तोच आहे. प्रेक्षक आणि नाव यांचा काय तो फरक.

आकड्यांवर विश्वास असणाऱ्यांसाठी आकडेही आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. हे करणाऱ्यांपुरतेच, मुळात करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. तीच पाहणी २०२४ साली पुन्हा झाली, तेव्हा आकडे २८९ आणि ८८ आले. स्त्रीची दहा मिनिटे कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषानेही आपली नऊ कमी करून घेतली आहेत. या दोन पाहण्यांच्या मध्ये २०२० सालचा पाडवा येतो. तो २५ मार्चला होता, त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. फुलांचा बाजार बंद, गाठी मिळेनात. घरात होते त्यात लोकांनी गुढ्या उभारल्या. पुढे कित्येक आठवडे पुरुष घरात होता, पहाटे मोकळा होता, दार समोर होते. त्या काळात त्याने काय काय केले त्याच्या चित्रफिती अजून उपलब्ध आहेत. खराटा त्यांत फारसा दिसत नाही.

दरम्यान दारापुढची जागाही गेली. बंगलेवाल्यांनी ती मोटारीला दिली, आवारात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरसबंदी केली. गल्ल्यांतून पेव्हिंग ब्लॉक आले, उद्घाटनाच्या फलकासकट. पेव्हिंग ब्लॉकच्या खाचांत रांगोळीची रेघ तुटते, गुळगुळीत फरशीवर ती वाऱ्याने सरकते, आणि तापलेल्या काँक्रीटवर पाणी मारले तर पाच मिनिटांत वाळते. ज्या घरमालकाने आर्किटेक्टला 'माती नको, घाण होते' असे सांगून हे करून घेतले तोच दिवाळी अंकाला हरवलेल्या अंगणावर लेख देतो, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. नावे घेत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर पाणी उतरले तेव्हा अनेक घरांच्या दारांत ढोपरभर गाळ होता. तो उपसायला बायका आणि पुरुष एकत्र वाकले होते. म्हणजे वाकता येते. कारण मोठे हवे एवढेच.

आमची मागणी साधी आहे. कमी खर्चाच्या सजावटीवर लिहिणाऱ्याने खर्चाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा : वेळ किती आणि कोणाचा. बांधकामाचा नकाशा काढताना दारापुढे तीन फूट माती सोडावी. मोटार तीन फूट मागे उभी राहिल्याने तिचे काही बिघडत नाही. मराठी विभागांनी लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत चैत्रांगणाच्या नोंदींचे प्रकल्प द्यावेत : कोणत्या घरात कोणते चिन्ह, कोणाकडून आले, कोणत्या साली गळले. हे काम या दहा-पंधरा वर्षांतच होऊ शकते, कारण ज्यांच्या हातांत ते आहे त्या बायका सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्यापैकी जिला सोडायचे आहे तिला सोडू द्यावे, आणि तिचा पुतळा करू नये. ज्या पुरुषाला अंगणाची फार ओढ आहे त्याने पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आपले दार स्वतः झाडावे, सडा घालावा, रांगोळी घालावी, आणि मगच लेख लिहावा. तो लेख आम्ही आवडीने वाचू.

त्याच्या सोयीसाठी थोडे सांगतो. कपिलतीर्थ मंडईच्या आसपास रांगोळी सुटी मिळते. जाडी मागावी, बारीक पूड नवख्याच्या बोटांत गोळा होते. ठिपक्यांसाठी भोके पाडलेला कागद मिळतो, तो वापरण्यात कमीपणा नाही. सुरुवात पाच ते पाचच्या ठिपक्यांनी करावी. पहिल्या आठवड्यात रेघ जाड येते आणि कंबर धरते. दुसऱ्या आठवड्यात गुडघे. सडा घातल्यावर ओल जाण्याआधी, म्हणजे साडेसहाच्या आत, काम उरकावे, कारण त्यानंतर दूधवाल्यांच्या मोटारसायकली सुरू होतात.